हातमोजे ऊब देतात का?

प्रश्न वेडगळ वाटेल. पण उत्तर देण्याआधी एक छोटासा प्रयोग करा. दोन सारख्या तापमापी घ्या. एक टेबलावर उघडी ठेवा. दुसरी लोकरीच्या हातमोज्यात घालून तिच्या शेजारी ठेवा. तासाभराने दोन्हींवरचे आकडे वाचा. ते सारखेच असतील! रात्रभर ठेवल्या तरी हातमोज्यातली तापमापी तसूभर अधिक दाखवणार नाही. म्हणजे हातमोज्याजवळ स्वतःची अशी ऊब नसतेच. ऊब तुमच्या रक्ताची असते, हातमोजा तिला फक्त बाहेर पळू देत नाही. ही एक गोष्ट नीट समजली की सायकलसाठी कोणते हातमोजे घ्यावेत हा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा प्रश्न वाऱ्याचा आहे, आणि तोच अधिक अवघड आहे.

मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या वाचकांना हा विषय लांबचा वाटेल. नाशिककरांना वाटणार नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकून देते, आणि वर ढगांचे पांघरूण नसल्यामुळे ती परत फिरत नाही. डिसेंबर-जानेवारीत शहरातला पारा १० अंश सेल्सियसच्या खाली उतरणे ही नेहमीची गोष्ट. शेजारच्या निफाड तालुक्यात तर थंडीचा कहरच असतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. अशा रात्री द्राक्षबागाईतदार बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात आणि पहाटे वेलींना पाणी सोडतात, कारण अति थंडीने द्राक्षमण्यांना तडे जातात.

आता पाहा, रात्रभर जमीन थंड होत असते, म्हणून दिवसातले सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते, ते असते सूर्योदयाच्या सुमारास. आणि नेमक्या त्याच वेळी सकाळच्या शाळेची मुले, क्लासला जाणारे विद्यार्थी, पेपर टाकणारी पोरे आणि दूधवाले सायकलवर असतात! पंचवटीतून होळकर पुलाकडे उतरणाऱ्या मुलांना आणखी एक अनुभव येत असेल. नदी जवळ येते तसा गारठा वाढतो. थंड हवा गरम हवेपेक्षा जड असते. रात्री ती पाण्यासारखी उताराने वाहत येते आणि गोदावरीच्या पात्रालगत साचून राहते.

यात नुसत्या हुडहुडीचा प्रश्न असता तर मी हा लेख लिहिला नसता. सोसायचे थोडे, त्यात काय! पण सायकलचा ब्रेक बोटांनी दाबायचा असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे सरकते. गारठलेल्या बोटांना ब्रेक पकडायला अर्धा सेकंद जादा लागला, तर तेवढ्यात सायकल पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते. अंधुक उजेडात एखादी रिक्षा वळण घेत असेल, तर हे पावणेतीन मीटर फार मोलाचे असतात. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या आसपास आले की हाताची सफाई कमी होऊ लागते, आणि ८ अंशांच्या सुमारास स्पर्शज्ञान बहुतेक हरपते. मग ब्रेक किती दाबला गेला हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

बोटेच आधी का गारठतात?

थोडे गणित करू. बोट म्हणजे एक लांबट दंडगोल मानू. दंडगोलाच्या वक्र पृष्ठाला त्याच्या घनफळाने भागले की उत्तर येते ४ भागिले व्यास. बोटाचा व्यास १.६ सेंटीमीटर धरला तर प्रत्येक घन सेंटीमीटरमागे २.५ चौरस सेंटीमीटर त्वचा. मनगटाच्या वरच्या हाताचा व्यास ८ सेंटीमीटर धरला तर हे उत्तर ०.५ येते. धड ३० सेंटीमीटर व्यासाचे धरले तर ०.१३. म्हणजे उष्णता साठवायला कोठार लहान आणि ती बाहेर जायला दारे मोठी, अशी बोटाची रचना आहे. धडाच्या तुलनेत बोट जवळजवळ वीसपट उघडे पडलेले असते.

त्यात बोटांना स्वतःची भट्टीही नसते. शरीरात उष्णता निर्माण करण्याचे मोठे काम स्नायू करतात. पण बोटे हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. ते असतात कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान, आणि तेथून दोरीसारख्या कंडरांनी बोटे ओढली जातात. खात्री करायची असेल तर डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग पकडा आणि उजव्या हाताची बोटे हलवा. हालचाल कोठे जाणवते ते पाहा. सारांश, बोटांना जी काही ऊब मिळते ती हृदयाकडून येणाऱ्या गरम रक्ताबरोबर.

आणि हाच पुरवठा शरीर थंडीत तोडते! मेंदू, हृदय, फुप्फुसे ३७ अंशांच्या आसपास राहिली पाहिजेत, मग हातापायांचे काहीही होवो, असा शरीराचा हिशेब असतो. त्वचेला गार वारा लागला की बोटांतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त आतल्या आत फिरू लागते, बोटे फिकी पडतात. शरीराच्या दृष्टीने हा शहाणपणा आहे, सायकलस्वाराच्या दृष्टीने अडचण.

मात्र हा बंदोबस्त अखंड नसतो. थॉमस लुईस या ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञाने १९३० मध्ये एक गमतीदार गोष्ट नोंदवली. बोट बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवले, तर काही मिनिटांनी आखडलेल्या रक्तवाहिन्या आपोआप उघडतात, बोटात थोडा वेळ ऊब येते, मग त्या पुन्हा आखडतात. असे आळीपाळीने चालू राहते. जणू शरीर मधूनमधून बोटांची चौकशी करून जाते. थंड पाण्यात काम करणाऱ्या कोळ्यांमध्ये ही क्रिया अधिक जोरदार आढळते.

वारा काय करतो?

गरम चहा बशीत ओतून आपण फुंकर का मारतो? फुंकर काही बर्फासारखी थंड नसते. उलट ती आपल्या तोंडातली, म्हणजे बऱ्यापैकी कोमट हवा असते. तरीही चहा लवकर निवतो. कारण चहाच्या पृष्ठाला चिकटून गरम, दमट हवेचा एक पातळ थर बसलेला असतो, फुंकर तो उडवून लावते आणि त्याच्या जागी कोरडी, थंड हवा आणते. आपल्या त्वचेवरही असाच उबदार हवेचा अदृश्य थर असतो. स्थिर हवेत तो एखाद्या पातळ सदऱ्यासारखे काम करतो. सायकल सुरू झाली की हा सदरा फाटतो.

सायकलस्वाराची अडचण अशी की वारा पडलेला असला तरी तो स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असाल आणि समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल, तर हातांना ताशी २५ किलोमीटरचा वारा लागतो. शिवाय हात असतात सर्वांत पुढे, हँडलवर, एका जागी स्थिर. चालणाऱ्याचे हात झुलतात किंवा खिशात जातात. सायकलस्वाराला ती सोय नाही.

वाऱ्याने थंडी किती वाढते याचे मोजमाप प्रथम अंटार्क्टिकावर झाले, आणि त्याचा कर्ता मूळचा एक बालवीर होता. पॉल सिपल हा अमेरिकन स्काउट १९२८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, बर्ड यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेसाठी निवडला गेला. पुढे तो भूगोलाचा शास्त्रज्ञ झाला. त्याने आणि चार्ल्स पासेल याने तेथील हिवाळ्यात प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते झोपडीच्या छपरावरील खांबाला टांगले, आणि निरनिराळ्या वाऱ्यांत ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजले. १९४५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी त्यात सुधारणा करून नवे सूत्र स्वीकारले. त्यासाठी माणसांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्यावरील तापमान मोजले गेले. या सूत्राप्रमाणे हवेचे तापमान १० अंश आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला सुमारे ७ अंशांइतकी थंडी वाटते. तापमान ५ अंश असेल, तर सुमारे १ अंशाइतकी. हे सूत्र चेहऱ्यासाठी आहे, तेव्हा बोटांच्या बाबतीत हे आकडे ढोबळच समजा.

येथे पुष्कळांचा एक घोटाळा होतो. 'थंडी १ अंशाइतकी वाटते' याचा अर्थ हवा १ अंशाची झाली असा नाही. तुमच्या बोटाजवळ ३० अंशांची उष्णता आहे, म्हणून वाऱ्याला पळवून न्यायला काहीतरी आहे. सायकलच्या कोरड्या लोखंडी हँडलचे तापमान हवेइतकेच असेल, तर कितीही वारा आला तरी ते हवेपेक्षा थंड होणार नाही.

वाऱ्याने होणार नाही, पण आकाशाने होईल! रात्री उघड्यावर ठेवलेल्या सायकलच्या सीटवर सकाळी दव साचलेले तुम्ही पाहिले असेल. दव साचते याचाच अर्थ सीट सभोवतालच्या हवेपेक्षा थंड झालेली होती. निरभ्र आकाशाकडे उष्णता टाकून टाकून ती गारठली. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कधी कधी दवाचे हिमकण होतात, तेही याच कारणाने. तेथे हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही गवताचे पाते शून्यापर्यंत उतरलेले असते. म्हणून सायकल रात्री पडवीत किंवा जिन्याखाली ठेवावी. फुकटातले दोन-तीन अंश मिळतात.

तरीही सकाळी ब्रेकची दांडी हाताला झोंबतेच. हँडलची रबरी मूठ आणि लोखंडी दांडी एकाच तापमानाला असतात, पण दांडी अधिक गार लागते, कारण लोखंड उष्णतेचे सुवाहक आहे आणि रबर दुर्वाहक. हिशेबच पाहायचा तर स्थिर हवेची उष्णतावाहकता १ मानली, तर पाण्याची सुमारे २४ आणि पोलादाची सुमारे २,००० भरते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. सायकलवाल्याकडून जुनी फाटकी ट्यूब मागून आणा, तिची बोटभर रुंदीची पट्टी कापा आणि ब्रेकच्या दांडीवर, जेथे बोटे टेकतात तेवढ्याच भागावर, ताणून गुंडाळा. दांडी जेथे फिरते त्या सांध्यावर मात्र रबर येऊ देऊ नका, नाहीतर ब्रेक अडकून राहील.

दुकानात

आता हातमोजे घ्यायला निघू. शरणपूर रस्त्यावरच्या तिबेटी मार्केटमध्ये जा किंवा आणखी कोठे, लोकरीच्या विणलेल्या हातमोज्यांचा ढीग समोर येतोच. ते मऊ असतात, रंगीत असतात, आणि घरात किंवा शेकोटीभोवती बसायला उत्तम असतात. वर पाहिलेत की स्थिर हवा हीच सर्वांत चांगली दुर्वाहक. लोकरीचा तंतू कुरळा असतो, त्यामुळे त्याच्या वळणावळणांत पुष्कळ हवा अडकून राहते. लोकरीचा आणखी एक गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प पिऊनही ओली लागत नाही. सुती हातमोजा घामाने लवकरच चिकट होतो, आणि हवेच्या जागी पाणी शिरले की ऊब चोवीसपट वेगाने निघून जाऊ लागते.

पण विणलेल्या लोकरीला भोके असतात. तोंडासमोर हातमोजा धरून जोराने फुंका आणि पलीकडे दुसऱ्या हाताचा तळवा धरा. फुंकर तळव्याला सरळ लागली, तर सायकलवर वाराही तसाच आत येईल आणि अडकलेली हवा घेऊन जाईल. दुकानदार जरा चमत्कारिक नजरेने पाहील, त्याची पर्वा करू नका! या परीक्षेत नुसते विणलेले हातमोजे बहुधा नापास होतात. चामड्याचे, रेक्झिनचे किंवा घट्ट विणीच्या नायलॉनचे पास होतात, पण त्यांना अस्तर नसेल तर आत हवाच नसल्यामुळे तेही थंड पडतात. थोडक्यात, सायकलसाठी दोन वेगळी कामे करणारे दोन थर हवेत: आत हवा धरून ठेवणारा, बाहेर वारा अडवणारा.

आपल्या धनगरांना हे केव्हाचेच ठाऊक आहे. त्यांची घोंगडी हातमोज्यांसारखी सुईवर विणलेली नसते. ती मागावर घट्ट विणून चिंचोक्याच्या खळीने कडक केलेली असते. अंगाला ती टोचते, पण माळरानावरचा वारा आणि पावसाची सर तिच्यातून सहजी आत येत नाही. आत मऊ सदरा आणि वर घोंगडी, हे दोन थरांचेच तत्त्व.

नवे हातमोजे घेण्यापूर्वी घरात काय आहे ते पाहा. लोकरीचे जुने हातमोजे असतील, तर त्यावर एक माप मोठे असे पातळ रेक्झिनचे किंवा नायलॉनचे हातमोजे चढवा. काही मुले लोकरीच्या हातमोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. ते करू नका. प्लॅस्टिक ब्रेकवरून घसरते. पिशवी वापरायचीच असेल तर हाताला आधी पातळ पिशवी आणि तिच्यावर लोकरीचा हातमोजा घाला. हात घामेजतील, पण पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासात लोकर कोरडी राहते आणि पकडही सुटत नाही. दिसायला बरे दिसत नाही, हे मान्य!

माप ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. हातमोजा हाताला चोपून बसला म्हणजे चांगला, असे पुष्कळांना वाटते. सायकलवर ते चुकीचे ठरते. दुकानात हात सरळ ठेवून माप पाहू नका, मूठ वळून पाहा, कारण हँडलवर मूठच असते. मूठ वळल्यावर बोटांच्या पेरांवर कापड ताणले जाते, आतली हवा दाबली जाऊन निघून जाते आणि आधीच आखडलेल्या रक्तवाहिन्यांवर आणखी दाब येतो. मूठ वळूनही बोटाच्या टोकाशी थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे. तळव्याकडची जाडी हँडलवर दाबली जातेच, तेव्हा तेथे जाड कापूस भरलेला असण्यात अर्थ नाही, तेथे खरखरीत पकड हवी. वारा लागतो तो हाताच्या पाठीला. जाडी आणि वाऱ्याचा अडसर तेथे हवा.

मग खूप जाड हातमोजे का घेऊ नयेत? एक कारण उघड आहे, ब्रेक दाबता येत नाही. दुसरे भूमितीत दडले आहे. बोटाची त्रिज्या ८ मिलीमीटर आहे. त्यावर ८ मिलीमीटर जाडीचे आवरण चढवले, की बाहेरचा परीघ दुप्पट होतो, म्हणजे वाऱ्याला उष्णता द्यायला जागाही दुप्पट. म्हणून जाडी दुप्पट केली तरी ऊब दुप्पट होत नाही. तिसरे कारण तुमच्या पायांत आहे. पायडल मारू लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांत शरीर तापते आणि गरम रक्त पुन्हा हातांकडे येऊ लागते. फार जाड हातमोज्यात मग घाम येतो, आणि ओल्या हातमोज्याचे काय होते ते आपण पाहिलेच.

बर्फाळ देशांत अंगठा वेगळा आणि चार बोटे एकाच पिशवीत, असे हातमोजे वापरतात. त्यांची ऊब जास्त का? पुन्हा गणित. १.६ सेंटीमीटर व्यासाच्या आणि ७ सेंटीमीटर लांबीच्या चार सुट्या बोटांचे मिळून पृष्ठ होते सुमारे १४० चौरस सेंटीमीटर. तीच बोटे एकमेकांना चिकटवून एका आवरणात घेतली तर सुमारे १०२. चौथ्या हिश्शाहून अधिक बचत! शिवाय बोटे एकमेकांना ऊब देतात ती वेगळीच. पण अशा पिशवीत घंटी आणि ब्रेक एकदम सांभाळता येत नाहीत. म्हणून काही सायकलस्वार दोन-दोन बोटांच्या जोड्या करणारे, खेकड्याच्या नांगीसारखे दिसणारे हातमोजे वापरतात. नाशिकच्या थंडीला एवढे करण्याची गरज नाही. पाच बोटांचा, दोन थरांचा, मोकळा हातमोजा पुरे.

मनगट मात्र झाकलेच पाहिजे. डॉक्टर नाडी पाहतात ती जागा आठवा. तेथे रोहिणी त्वचेच्या अगदी जवळून जाते, म्हणून तर ठोका बोटाला लागतो. सदऱ्याची बाही आणि हातमोजा यांच्यामध्ये दोन बोटे उघडी फट राहिली, तर बोटांकडे निघालेले रक्त वाटेतच थंड होते. हातमोज्याची लांबी बाहीच्या आत जाईल एवढी हवी.

अर्ध्या बोटांचे, तळव्यावर गादी असलेले हातमोजे सायकलच्या दुकानात मिळतात. ते थंडीसाठी नसतात, हे लक्षात ठेवा. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांनी मिळून ९ दिवसांच्या आत पुरी केली. या शर्यतीची वाट वाळवंटातूनही जाते आणि रॉकी पर्वतावरूनही. एवढ्या लांबच्या पल्ल्यात हँडलवर टेकून टेकून तळव्याच्या करंगळीकडील भागातली मज्जातंतूची शीर दाबली जाते, आणि करंगळी व अनामिका बधिर होतात. गादीचे हातमोजे त्यासाठी असतात. यावरून एक खूण सांगता येते. सायकल चालवताना फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर दोष बहुधा थंडीचा नसून दाबाचा. हाताची जागा बदलत राहा, सीट-हँडलची उंची तपासून घ्या. पाचही बोटांची टोके एकदम बधिर होत असतील, तर थंडी.

आणि हातांसाठी म्हणून छाती आणि डोके झाका. हे उलटे वाटेल, पण रक्तपुरवठ्याचा मघाचा हिशेब आठवा. धड उबदार असेल तर शरीर बोटांचा पुरवठा तोडत नाही. कानटोपी, मफलर आणि चांगला स्वेटर असेल तर साधे हातमोजेही पुरतात. उघड्या डोक्याने आणि पातळ सदऱ्याने निघालात तर महागडे हातमोजेही हरतात. फ्रान्समधील प्रसिद्ध सायकल शर्यतीत घाटमाथ्यावर पोहोचलेले स्पर्धक उतार लागण्यापूर्वी वर्तमानपत्र छातीवर, सदऱ्याच्या आत सारत असत. उतारावर वारा सर्वांत जास्त आणि पायांना श्रम सर्वांत कमी, म्हणजे उष्णता कमी निर्माण होणार आणि जास्त जाणार. वर्तमानपत्राचा कागद वारा अडवतो आणि त्याच्या घड्यांत हवा राहते. कालचा पेपर तुमच्याही घरी असेलच.

दोन सूचना देऊन ठेवतो. बधिर झालेले हात शाळेत पोहोचताच शेकोटीवर धरू नका. बधिर त्वचेला चटका कळत नाही, आणि भाजल्यावर कळून उपयोग नसतो. हात काखेत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा. रक्त परतताना थोडा वेळ ठणका लागतो, त्याला घाबरू नका. दुसरे असे, की ज्यांची बोटे थोड्याशा थंडीतही पांढरीफटक, मग निळसर आणि शेवटी लाल होतात, त्यांनी डॉक्टरांना दाखवावे. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टराने १८६२ मध्ये या विकाराचे वर्णन केले, आणि तो हातमोज्यांनी बरा होणारा नव्हे.

आता वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग. औषधाच्या सारख्या आकाराच्या चार लहान बाटल्या घ्या. त्यांत सारखेच, सुमारे ५० अंशांचे पाणी भरा आणि प्रत्येकीच्या बुचातून तापमापी आत सोडा. पहिली बाटली उघडी ठेवा. दुसरीला लोकरीचा हातमोजा घाला. तिसरीला लोकरीचा हातमोजा आणि वरून पातळ रेक्झिनचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण. चौथीला लोकरीचाच हातमोजा, पण ओला करून पिळलेला. पंखा बंद ठेवून दर दोन मिनिटांनी तापमान लिहा, असे वीस मिनिटे. मग पुन्हा तेवढेच गरम पाणी भरून टेबलफॅनसमोर हाच प्रयोग करा आणि दोन्ही वेळचे आलेख एकाच कागदावर काढा. पंखा बंद असताना दुसरी आणि तिसरी बाटली जवळजवळ बरोबरीने चालतील. पंखा लावल्यावर त्यांच्यात अंतर पडेल. चौथ्या बाटलीकडे विशेष लक्ष ठेवा. पंख्यासमोर ती पहिल्या, उघड्या बाटलीच्या पुढे जाते की मागे राहते, आणि पाणी थंड होत होत खोलीच्या तापमानाला पोहोचल्यावर ती तेथे थांबते की आणखी खाली उतरते, ते पाहा. माठातले पाणी गार का होते हे ज्याला माहीत आहे, त्याने उत्तर आधी वहीत लिहून ठेवावे आणि मगच पंखा लावावा.